शिखर संस्थेची वर्गणी: ठरवायची कशी, थकली तर काय करायचं

सोलापुरात संस्थांच्या संस्था पुष्कळ आहेत. यंत्रमागधारक संघांचा महासंघ, उत्सव मंडळांचं मध्यवर्ती मंडळ, वाचनालयांचा संघ, ज्ञाती संस्थांचं मंडळ. या सगळ्यांच्या खजिनदाराचं दुखणं एकच. सभासद म्हणजे माणूस नसून आपापली घटना, आपापलं कार्यकारी मंडळ आणि आपापला मान असलेली दुसरी संस्था असते. तिच्या दारात वसुलीला माणूस बसवता येत नाही. हाउसिंग सोसायटीसारखा वसुलीचा दाखला काढून जप्तीपर्यंत जाण्याचा रस्ताही बहुतेक अशा संघांना नसतो.

नेमकी हीच अडचण संयुक्त राष्ट्रांची आहे. १९३ सभासद, सगळे सार्वभौम, जप्ती कुणावरच नाही. तरी १९४६ पासून हे खातं चालू आहे. चुकत, अडखळत, पण चालू आहे. त्यांच्या नियमांतलं काय उचलावं आणि कुठे त्यांनी स्वतः ठेच खाल्ली, हे बघून आपल्या संघाची वर्गणी कशी बसवायची ते पुढे दिलं आहे. उदाहरणासाठी पूर्व भागातल्या ४० यंत्रमागधारक संघांचा एक काल्पनिक महासंघ धरू. वर्षाचा खर्च ६ लाख रुपये.

आधी खर्च मंजूर, मग वाटणी

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम १७ सांगतं की अंदाजपत्रक आमसभा मंजूर करते आणि खर्च आमसभा ठरवेल त्या प्रमाणात सभासदांनी उचलायचा. हे दोन वेगळे ठराव आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. बऱ्याच संघांत उलटं चालतं: 'गेल्या वर्षी पाच हजार घेतले, यंदा सहा घेऊ' असं ठरतं आणि मग त्या पैशात बसेल तेवढं काम होतं. अशी वर्गणी थकली की नेमकं काय अडलं ते कुणाला दाखवता येत नाही. खर्च आधी मंजूर झालेला असला, की थकबाकीदाराला सांगता येतं: तुमच्याच प्रतिनिधीनं हात वर करून हा खर्च मान्य केला आहे.

वाटणीचं कोष्टक

संयुक्त राष्ट्रांचं तत्त्व आहे ऐपतीप्रमाणे भार. ऐपत मोजायची एकूण राष्ट्रीय उत्पन्नावरून, तीही एका वर्षाच्या आकड्यावरून नव्हे. तीन वर्षांची आणि सहा वर्षांची अशा दोन सरासऱ्या काढतात, दोन कोष्टकं करतात आणि त्या दोघांची सरासरी घेतात. कुणाचं एखादं वर्ष फार चांगलं किंवा फार वाईट गेलं, तर वर्गणी एकदम उडी मारत नाही. मग परकीय कर्जाचा बोजा वजा होतो. त्यानंतर दरडोई उत्पन्न जगाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्यांना सूट: सरासरीपेक्षा जितके टक्के कमी, त्याच्या ८० टक्के. म्हणजे एखाद्या देशाचं दरडोई उत्पन्न सरासरीच्या निम्मं असेल, तर तूट ५० टक्के आणि सूट ४० टक्के. ही सूट हवेतून येत नाही. सरासरीच्या वरच्या देशांवर ती वाटली जाते. शेवटी तीन कुंपणं: कमीत कमी ०.००१ टक्के, अतिमागास देशांना जास्तीत जास्त ०.०१ टक्के आणि कुणालाही २२ टक्क्यांच्या वर नाही. कोष्टक तीन वर्षांसाठी ठरतं. २०२५ ते २०२७ साठी अमेरिका २२ टक्के, चीन २०.००४, भारत १.१०६.

आपल्याकडे ऐपत म्हणजे माग. पण मागांची संख्या संघाला विचारून लिहू नका. वर्गणी म्हटलं की माग कमी होतात, अनुदान म्हटलं की वाढतात. आकडा तिसऱ्याकडून यायला हवा. वीजजोडांची यादी आणि मंजूर भार हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा, आणि तोही तीन वर्षांच्या सरासरीनं. साधा माग आणि रॅपियर (धोट्याविना चालणारा वेगवान माग) यांना एकच वजन दिलं तर छोटे संघ ओरडतील आणि ते बरोबरच असेल. रॅपियरला किती पट धरायचं ते सभेत एकदाच ठरवा आणि तीन वर्षं त्याला हात लावू नका.

समजा वजन धरून एकूण ६,००० माग झाले. म्हणजे मागामागे १०० रुपये. एका मोठ्या संघाचे १,८०० माग आहेत. त्याच्या वाट्याला ३० टक्के, १,८०,००० रुपये. इथे २२ टक्क्यांचं कुंपण लावलं की त्याची वर्गणी १,३२,००० होते आणि ४८,००० रुपये बाकीच्या ३९ संघांवर येतात. त्यांच्या ४,२०० मागांवर आता ४,६८,००० रुपये, म्हणजे मागामागे १११ रुपये ४३ पैसे. १५ मागांचा संघ १,५०० ऐवजी १,६७१ रुपये देईल.

छोट्यांनी मोठ्याची सूट का भरायची, हा प्रश्न सभेत येणारच. उत्तर असं की कुंपण मोठ्याच्या सोयीसाठी नाहीच, महासंघाच्या जिवासाठी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेचा वाटा ३९.८९ टक्के होता. तो उतरत उतरत २५ वर आला आणि २००१ पासून २२ वर. इतका उतरूनही त्या एका देशाचा हप्ता लांबला की न्यूयॉर्कच्या मुख्यालयात रोखीची ओढाताण होते. ज्याच्याकडे ३० टक्के आहेत त्याच्या खिशात महासंघाच्या कचेरीची किल्ली असते. १७१ रुपये ही त्या किल्लीची किंमत समजा.

पूर्णांक करताना बेरीज पुन्हा जुळवून बघा. तिकडे कोष्टक तीन दशांश स्थळांपर्यंत असतं आणि बेरीज नेमकी १०० येईपर्यंत ते सोडत नाहीत. आपल्याकडे चाळीस ओळींत रुपया-दोन रुपयांचा फरक राहतो आणि लेखापरीक्षक त्याच फरकावर बोट ठेवतो.

मागांचा विश्वासू आकडा मिळतच नसेल तर दुसरा रस्ता आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि जागतिक टपाल संघ या जुन्या संस्था. तिथे सभासद स्वतःच आपली श्रेणी निवडतो. श्रेणी म्हणजे किती एकक भरणार ते. एककाचा दर संस्था ठरवते. यात मोजमापाचं भांडण मिटतं, पण मोठे सभासद हळूच खालच्या श्रेणीत उतरायला लागतात. म्हणून उतरण्यावर अट ठेवा: मुदत संपल्यावरच आणि एका वेळी एकच पायरी. उत्सव मंडळांच्या मध्यवर्ती मंडळाला ही पद्धत जास्त मानवते. तिथे ऐपत मोजायला गेलात तर वर्गणीऐवजी मिरवणुकीतला क्रमांकच चर्चेला येईल.

मागणीपत्र

संयुक्त राष्ट्रांचा नियम एका वाक्याचा आहे: पत्र मिळाल्यापासून ३० दिवस किंवा वर्षाचा पहिला दिवस, यांतलं जे नंतर येईल तोवर पूर्ण रक्कम देय. पुढच्या १ जानेवारीला जे शिल्लक राहील ते एक वर्षाची थकबाकी. व्याज नाही. दूरसंचार संघात मात्र आहे: आर्थिक वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून तीन महिने वार्षिक ३ टक्के, सातव्यापासून ६ टक्के.

पत्रात पाच गोष्टी हव्यात. मंजूर खर्च आणि ठरावाची तारीख, तुमचा टक्का आणि तो कसा निघाला, यंदाची रक्कम, मागची बाकी वर्षवार, आणि खातं क्रमांक. मागची बाकी एकच आकडा म्हणून लिहू नका. '२०२३ पैकी ३,०००, २०२४ पूर्ण' असं लिहा. पुढे मताधिकाराचा हिशेब याच ओळींवरून होतो.

तारखेचा विचार मात्र आपल्या गावचा करा. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, संयुक्त राष्ट्रांचं १ जानेवारीला. अमेरिका जानेवारीची वर्गणी आपल्या पुढच्या अंदाजपत्रकातून देते, म्हणून पैसे वर्षाच्या अखेरीकडे पोचतात आणि तोवर बाकीच्यांच्या पैशावर संसार चालतो. आपल्याकडे १ जानेवारीला पत्र धाडलंत तर ३० दिवसांतले पंधरा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जातील. सभासद संघांच्या सभा कधी होतात, त्यांच्या हातात पैसा कधी असतो हे आधी विचारा. एप्रिल-मार्च हिशेब असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पत्र निघालेलं बरं.

पोच घ्या. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे पत्र कार्यकारिणीसमोर गेलं असं नाही.

खतावणी: जुनी बाकी आधी

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त कामाचा नियम हा. संयुक्त राष्ट्रांत पैसे आले की ते आधी खेळत्या भांडवलाच्या निधीला जमा होतात आणि मग ज्या क्रमानं वर्गणी आकारली त्या क्रमानं, सर्वांत जुन्या बाकीत. देणाऱ्यानं 'ही २०२५ ची' असं लिहिलं तरी खतावणी २०२३ पासूनच भरते.

हा नियम घटनेत नसला तर काय होतं? संघ चालू वर्षाचे पैसे भरतो, चालू वर्षाची पावती घेतो आणि जुने तीन हजार तसेच राहतात. पुढच्या खजिनदाराला ते दिसतात, संघाच्या नव्या अध्यक्षाला ते 'आधीच्या बॉडीचे' वाटतात, आणि पाच वर्षांत ती रक्कम वादाची होते. पावतीवर कुठल्या वर्षात जमा केलं ते छापील रकान्यात लिहा.

खरोखर वादाची रक्कम असेल तर ती दुसऱ्या खात्यात काढा. अमेरिकेनं स्वतःच्या कायद्यानं १९९५ पासून शांतिसेनेच्या खर्चातला आपला वाटा २५ टक्क्यांवर रोखून धरला. शांतिसेनेच्या वेगळ्या कोष्टकाप्रमाणे आकारणी मात्र त्याहून जास्त. तो फरक साचत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या दृष्टीनं ती थकबाकी, अमेरिकेच्या दृष्टीनं मान्यच नसलेलं देणं. अशी रक्कम एकाच ओळीत कालवली तर खरोखर न भरलेलं किती आणि भांडणाचं किती हे सांगता येत नाही.

मताधिकार: हिशेब नेमका असा

सनदेचं कलम १९: थकबाकी मागच्या पूर्ण दोन वर्षांच्या वर्गणीइतकी किंवा त्याहून जास्त झाली, की आमसभेत मत नाही. ठराव लागत नाही, आपोआप जातं. बसता येतं, बोलता येतं.

आपल्या महासंघातला एक संघ घ्या. वर्गणी २०२३ ला १०,०००, २०२४ ला १२,०००, २०२५ ला १२,०००. त्यानं २०२३ चे ७,००० भरले, पुढे काहीच नाही. १ जानेवारी २०२६ ला थकबाकी ३,००० + १२,००० + १२,००० = २७,०००. मागच्या दोन वर्षांची वर्गणी २४,०००. सत्तावीस चोविसाच्या वर, मत गेलं. परत मिळवायला किती भरायचे? सत्तावीस हजार नव्हे. थकबाकी चोवीस हजारांच्या खाली आणायची, म्हणजे ३,००१ रुपये.

इथे बहुतेकांची गफलत होते. जानेवारी २०२१ मध्ये महासचिवांनी आमसभेला कळवलेल्या यादीत इराणपुढे १,६२,५१,२९८ डॉलर आणि नायजरपुढे अवघे ६,७३३ डॉलर होते. ही त्यांची पूर्ण बाकी नव्हे, मत परत मिळवायची किमान रक्कम. खजिनदारानं ही रक्कम स्वतःहून काढून पत्रात लिहावी. 'सगळं भरा' म्हटल्यावर न हलणारा संघ '३,००१ भरा, सभेत मत द्या' म्हटल्यावर हलतो.

दुखरी बाजूही याच हिशेबात आहे. ३,००१ भरणारा पुढच्या वर्षी पुन्हा काठावर येतो, पुन्हा थोडंसं भरतो. जवळजवळ दोन वर्षांची बाकी अंगावर ठेवून तो आयुष्यभर मतदान करू शकतो. १९९९ च्या अखेरीस अमेरिकाही मत जाण्याच्या काठावर येऊनच थोडी मागे सरली. म्हणून आपल्याकडे दोन वर्षांची मुभा नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चं कलम १५ तर तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्याला मतही नाही आणि सभासदांत गणनाही नाही, असं सांगतं. त्या कायद्याखाली नोंदलेल्या महासंघानं घटनेत सवलतीचं कलम घालण्याआधी हे वाचावं. सहकारी कायद्याखालच्या फेडरेशनची गोष्ट निराळी, तिथे उपविधी बघायचे.

यादी सभेच्या दिवशी दारात लावू नका. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सर्वांना एकाच वेळी पाठवा, किमान रकमेसकट. सभेच्या तोंडावर लावलेली यादी निवडणुकीसाठी केली असंच सगळे म्हणतात.

मोठ्यावर नियम चालवायची वेळ आली तर

ही वेळ येतेच. सोव्हिएत संघानं सुएझ आणि काँगोतल्या शांतिसेनांचा, तर फ्रान्सनं काँगोतल्या शांतिसेनेचा खर्च द्यायला नकार दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २० जुलै १९६२ ला मत दिलं की हा खर्च संघटनेचाच आहे. तरी पैसे आले नाहीत. १९६४ मध्ये कलम १९ लावायची वेळ आली तेव्हा आमसभेनं जवळजवळ सगळं अधिवेशन मतदान टाळून सहमतीनं रेटलं, आणि १९६५ मध्ये अमेरिकेनं आग्रह सोडला. तेव्हापासून हे कलम छोट्या, गरीब देशांवरच जास्त दिसतं. आपोआप लागू होणारा नियम एकदा हातानं थांबवला, की पुढे तो प्रत्येक वेळी हातानंच चालवावा लागतो.

मत गेल्याचं ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यावर हा उपाय चालत नाही, हेही लक्षात असू द्या. २०११ मध्ये युनेस्कोनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण-संस्कृती संघटनेनं, पॅलेस्टाइनला सभासदत्व दिल्यावर अमेरिकेनं तिचे पैसे बंद केले. २०१३ मध्ये मत गेलं, २०१८ च्या अखेरीस देश बाहेर पडला, २०२३ मध्ये परत आला. सुमारे ६१.९ कोटी डॉलरची बाकी तेव्हाही वहीत तशीच होती. युनेस्कोनं मधली वर्षं २२ टक्के पैशाविना काढली. एका मोठ्या संघाचा हप्ता बंद झाला तर कुठली कामं थांबतील, याची यादी आजच करून कपाटात ठेवा.

खरोखर अडलेला आणि न देणारा

कलम १९ मध्येच दार आहे: सभासदाच्या हाताबाहेरच्या कारणानं पैसे थकले अशी आमसभेची खात्री झाली तर मत राहतं. पण अर्ज वेळेत लागतो, वर्गणी समितीची बैठक सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी, आकड्यांसकट. अठरा जणांची ही समिती बघते आणि मुदतीची सवलत सुचवते. कोमोरोस, साओ तोमे आणि सोमालिया यांना वर्षानुवर्षं अशी मिळत आली.

आपल्याकडे हाताबाहेरचं कारण म्हणजे काय ते लिहून ठेवा. धंदा मंदा आहे हे कारण नव्हे, तो सगळ्यांचाच असतो. कारखान्याला आग, वीज तोडलेली, बँकेत खातं गोठलेलं, ही कारणं. सर्वांत नेहमीचं तर अगदी किरकोळ असतं: पदाधिकारी बदलले, सह्या बदलण्याचा ठराव बँकेत गेला नाही, चेकवर सही कुणाची करायची हेच ठरेना. पैसे आहेत, निघत नाहीत. इराणचं असंच झालं होतं. निर्बंधांमुळे पैसे पाठवायला बँकच मिळेना, शेवटी दक्षिण कोरियात अडकलेल्या इराणी पैशातून वर्गणी भरली गेली. अशा सभासदाला स्मरणपत्रापेक्षा ठरावाचा नमुना पाठवा.

हप्त्याची योजना करायची तर अट एकच: दर वर्षी चालू वर्गणी पूर्ण, आणि तिच्यावर जुन्या बाकीचा हप्ता. नुसते जुन्याचे हप्ते घेतलेत तर जुनं फिटेपर्यंत नवं तेवढंच साचतं. जॉर्जिया, ताजिकिस्तान, लायबेरिया यांनी याच पद्धतीनं बाकी फेडली. संयुक्त राष्ट्रांत योजना ऐच्छिक आहे आणि ती दिली म्हणून मत आपोआप मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत योजनेप्रमाणे भरत राहिलं तर मत देता येतं, आणि एक हप्ता चुकला की ते जातं. महासंघासाठी हा दुसरा नियम घ्यावा.

रोकड, आणि नसलेली शिल्लक

थकबाकी ताळेबंदात येणं म्हणून दिसते, पण शिपायाचा पगार येण्यातून होत नाही. संयुक्त राष्ट्रांचा खेळता निधी २०२३ पासून २५ कोटी डॉलर आहे. २०२५ चं अंदाजपत्रक ३७२ कोटींचं, म्हणजे महिन्याला ३१ कोटी. निधी एक महिनाही पुरत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथे नोकरभरती थांबवली आणि सरकते जिनेसुद्धा बंद केले. आपल्या ६ लाखांच्या महासंघानं तीन महिन्यांचे, दीड लाख तरी बाजूला ठेवावेत, आणि तेही याच कोष्टकानं सभासदांकडून एकदाच घेऊन. हा पैसा सभासदांच्या नावे जमा राहतो. देणगी म्हणून लिहू नका.

एक सापळा न्यूयॉर्कचाच आहे, तो मुद्दाम टाळा. वर्षअखेर मंजूर खर्चातलं जे वापरलं नाही ते सभासदांना परत द्यायचं, असा तिथला नियम. पण पैसे आलेच नाहीत म्हणून खर्च झाला नाही, तरी वहीत 'न वापरलेली रक्कम' दिसतेच, आणि कधी हातात न आलेले पैसे सभासदांच्या पुढच्या वर्गणीतून वजा करावे लागतात. वेळेवर भरणाऱ्यांच्या पैशातून ही वजावट निघते. घटनेत लिहा: शिल्लक परत करायची ती प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेतूनच, आणि थकबाकीदाराचा वाटा आधी त्याच्या जुन्या बाकीत वळता.

बाकी सोडून देण्याचा ठराव शक्यतो करूच नका. संयुक्त राष्ट्रांत बाकी वर्षानुवर्षं वहीत राहते. दहा वर्षांनी परत आलेल्या संघासमोर ती ओळ असली की बोलणं तिथून सुरू करता येतं. राजीनामा देणाऱ्याच्या अर्जावरही आधी बाकीचा आकडा लिहून त्याची सही घ्या, मग आवक क्रमांक टाका.